'सेवेला लायसन कशाला?' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप गटांत एक फॉरवर्ड फिरतोय. सेवेला लायसन लागत नाही, साने गुरुजींनी कुठे एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलं होतं, बोली आणि अनुभव असला की झालं, समाजकार्यकर्त्यांची नोंदणी म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी, असं त्याचं म्हणणं. पाठवणाऱ्यांत आमचे नाना-आप्पाही आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी त्यांनी १९३० मध्ये सोडली आणि सत्याग्रहात उतरले. १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. सगळं चारचौघांत. ज्यांना पटलं ते सोबत आले, ज्यांना नाही पटलं त्यांनी तोंडावर विरोध केला. आज परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलांच्या प्रकरणांत चौकशी करणारा) किंवा संस्थेचा कार्यकर्ता गृहचौकशी अहवाल लिहितो तो मात्र गोपनीय असतो. पोर आईकडे जाणार की बालगृहात, हे ठरवताना बाल कल्याण समिती तो अहवाल समोर ठेवते. उपोषणाला बसणाऱ्याकडे किंवा शिधा वाटणाऱ्याकडे नोंदणी मागा, असं कुणी म्हणतच नाही. प्रश्न दुसऱ्याच्या घराबद्दल शिफारस करणाऱ्याचा आहे.

अशा निर्णयाचं वजन भुसावळने पाहिलं आहे. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून मदरशांत शिकायला निघालेली बिहारची ५९ मुलं तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. सोबतच्या पाच जणांना अटक झाली. मुलं घरच्यांपासून लांब, निवारागृहांत राहिली. पुढे मार्च २०२४ मध्ये गैरसमज झाल्याचं सांगत पोलिसांनी प्रकरण बंद केलं. कारवाई पोलिसांची होती, समाजकार्यकर्त्यांची नव्हे, हे मान्य. पण हेतू चांगला असला की पुरे, असं म्हणणाऱ्यांनी त्या मुलांच्या आईबापांना विचारावं. घरी जाऊन चौकशी करणं, आईबापांशी बोलणं, ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहिणं हे शिकावं लागतं, आणि चुकलं तर जाब देण्याची जागाही लागते.

'कायद्यात तरी कुठे आहे?' हा मुद्दा अर्धा खरा. वकिलांना बार कौन्सिल आहे, तशी सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी एक परिषद आपल्याकडे नाही. मसुदे निघाले, कायदा झाला नाही. तरी रान मोकळं आहे असंही नाही. अपंगांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार सामाजिक कार्यकर्त्यांची नोंदणी आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय समाजकार्यकर्तेही येतात. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे विनानोंदणी बालगृह चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. इंग्लंडमध्ये २ डिसेंबर २०१९ पासून 'सोशल वर्क इंग्लंड' ही संस्था समाजकार्यकर्त्यांच्या नोंदणीचं काम पाहते. तिथे नोंदणी नसताना स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही, आणि नाव नोंदवहीत आहे का हे कुणीही तपासू शकतं. आपल्याकडे बालगृहातल्या कार्यकर्त्याने गोपनीय माहिती गावभर केली तर तक्रार संस्थेच्या अध्यक्षाकडे करायची. तो बहुतेक वेळा त्याचा मामा असतो.

बोलीचा मुद्दा मला सगळ्यात पटतो. ऊसतोडीला आईबाप गुजरातेत गेले आणि पोर आजीकडे राहिलं, की भिली किंवा पावरी न समजणारा अधिकारी 'पालकांनी सोडून दिलेले' असं लिहून मोकळा होतो. म्हणून नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात बोली ही पात्रतेची अट हवीच. पण बोली येणाराच त्या पोराचा चेहरा स्टेटसला ठेवतो, तेव्हा काय? संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

राहिली चिरीमिरी. भीती खोटी नाही. त्यावर ऑनलाइन अर्ज, ठरलेली मुदत, उघडी नोंदवही असे उपाय मागता येतात. आणि सातपुड्यात वर्षानुवर्षं राबलेल्या, पदवी नसलेल्यांना बाहेर काढण्याची गरजच नाही. पुनर्वास परिषदेने अशाच जुन्या कार्यकर्त्यांसाठी ब्रिज कोर्स (अनुभव असलेल्यांना पात्रता देणारा छोटा अभ्यासक्रम) काढला होता. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ती मागणी पुढे पाठवली, तर मीही शेअर करीन.