माझा 'सा' फटीत आहे

गाणं शिकायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. घातलं होतं ते लेकीला. मुलुंडात आमच्या घराजवळ एक कलाकेंद्र आहे. खाली कथक, वर तबला आणि मधल्या मजल्यावर गायन. सहा महिन्यांची फी आगाऊ भरून झाली आणि तिसऱ्या आठवड्यात लेकीनं जाहीर केलं की तिला स्केटिंग करायचंय. पावतीवर बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही' असं होतंच. ऑफिसातल्या बाईंनी तोडगा काढला, "नाव बदलता येईल. घरातलं कुणीही चालेल." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीनं सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बदली कामगार म्हणून संगीताच्या सेवेत रुजू झालो.

मंगळवारी शास्त्रीयच्या बाई, गुरुवारी सुगमचे सर आणि शनिवारी 'व्हॉइस कल्चर'चा एक तरुण. फी एकच, गळाही एकच.

पहिल्या दिवशी बाईंनी माझी पट्टी काढली, म्हणजे माझा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर बसतो ते पाहिलं. पुरुषांचा सा साधारण काळी एक किंवा काळी दोन, असं त्या म्हणाल्या आणि पेटीचा भाता हलवू लागल्या. मी आ केला. त्यांनी काळी एक दाबली, मग पांढरी एक, मग परत काळी एक. दहा मिनिटांनी चष्मा काढून म्हणाल्या, "तुमचा सा या दोघींच्या मधल्या फटीत आहे."

मी घरी जाऊन वाचन केलं. (गाता येत नसलं की माणूस वाचतो.) आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली, हे वाचून मला फार धीर आला. म्हणजे खोट पेटीत होती! पुढच्या मंगळवारी हे सांगितल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची ती मींड पेटीवर निघत नाही, दोन स्वरांमधल्या बारीक श्रुती दाखवता येत नाहीत, म्हणून होती ती बंदी. तुमच्या बाजूनं नव्हती."

पहिला राग भूप. पाच स्वर, मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नी, वर्ज्य. लहान मुलंही यापासूनच सुरुवात करतात, का तर सोपा. पण श्रावणात नेमका कोळणीच्या पाटीचा वास नाकात शिरावा, तसा माझ्या गळ्यात आधी मध्यमच येतो. बाई हात जोडायच्या. तो नमस्कार मध्यमाला होता की मला, ते कळलं नाही.

बाईंचं म्हणणं, आकार, म्हणजे नुसत्या 'आ'वरचं गाणं, मोकळा हवा, तोंड उघडा. तसं उघडून मी गुरुवारी गेलो. सरांनी माइक झटकन मागे घेतला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं? माइक गिळताय काय? अर्धं तोंड पुरे. शब्द गा, भाव आणा." मी अर्ध्या तोंडानं भाव आणला. तो घेऊन शनिवारी गेलो, तर तो तरुण कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, हे कुणी शिकवलं? जबडा आवळलाय तुमचा. जांभई द्या." नोकरदार माणसाला शनिवारी संध्याकाळी जांभई दे म्हणणं म्हणजे कळ दाबणंच, पुढची पाच मिनिटं मला थांबता आलं नाही. मग त्यानं ओठ सैल सोडून घोड्यासारखं फुर्रर्र करायला लावलं. मोबाइलवर एक आलेखही दाखवला. काळी एकच्या सा ला स्वरतंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा कंप पावतात म्हणे. माझी रेघ लोकलमध्ये उभ्या माणसासारखी दोन्ही बाजूंना कलत होती. "139 वर थांबा, काका." अहो, फास्ट गाडी प्रत्येक स्टेशनाला थांबत नाही तिथे मी कुठे थांबू!

जांभईवालं तोंड घेऊन मंगळवारी. बाई म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं?"

पथ्यांतही एकमत नाही. बाईंनी दही बंद केलं, सरांनी ज्येष्ठमध चालू केलं, आणि तरुण म्हणाला नुसतं पाणी प्या. मी तिन्ही केलं. पोट सुधारलं.

खरा प्रसंग पहाटेच्या खर्जाचा. खालच्या सप्तकात एकेक स्वर दमसास टिकेपर्यंत धरायचा. साडेपाचला गॅलरीत बसून मी मंद्र पंचम लावला. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर खाली धावले आणि पाण्याचा पंप बंद करून आले. आवाज काही थांबेना, म्हणून त्यांनी प्लंबर बोलावला. त्याचं बिल मेंटेनन्समध्ये लागलं. मी गप्प राहिलो.

सहाव्या महिन्यात बाईंनी 'प्रारंभिक'चा, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेचा, फॉर्म पुढे केला. "विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं सर्वसामान्यांपर्यंत पोचावं म्हणून," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की एवढ्या सर्वसामान्याची कल्पना त्यांनीही केली नसावी.

परीक्षेला गेलो तर रांगेत सगळी सात-आठ वर्षांची. एका आईनं विचारलं, "तुमची आत गेली का?" मी म्हटलं, मीच जायचोय. दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "काका, घाबरू नका. त्रितालात टाळी पहिल्या मात्रेला, 'खाली', म्हणजे रिकामा हात, नवव्या." माझं नाव पुकारलं. मी आत गेलो तर परीक्षक म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा."

ओळख पटवून मी बाकावर बसलो. तंबोरा सुरू झाला. त्या क्षणी मला सगळं एकदम आठवलं. आकार मोकळा सोडला, लगेच अर्धं तोंड मिटलं, भाव आणला, जबडा सैल केला, आणि समेवर येता येता ओठांतून फुर्रर्र झालं. तबलजी थांबला. पाठोपाठ मध्यम आला.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी दाराकडे पाहिलं. तिघंही धीर द्यायला आले होते. बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी तरुणाकडे पाहिलं. तरुण खाली वाकून आपल्या चपला शोधू लागला.