सेशन म्हणजे काय माळा आहे का रे?

सेशन म्हणजे ब्राउझरमधल्या कुकीवरून युजर ओळखून वेबसाइट त्याच्याबद्दल एका रिक्वेस्टपासून (ब्राउझरच्या एका मागणीपासून) पुढच्या रिक्वेस्टपर्यंत लक्षात ठेवते ती माहिती. पण हातात आलं की फेक वर, असं चाललंय सगळं. परत एक जँगोचा (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलाय आणि ज्या कोणी महाभागाने तो लिहिलाय त्याने फॉर्मच्या एरर सेशनमध्ये, सर्चचे फिल्टर सेशनमध्ये, आणि कहर म्हणजे आत्ता एडिट होत असलेल्या ऑर्डरचा आयडीसुद्धा सेशनमध्येच कोंबलाय.

मग होतं काय, सपोर्टवाली ताई एका टॅबमध्ये एक ऑर्डर उघडते, दुसऱ्या टॅबमध्ये दुसरी, परत पहिल्यावर येऊन डिस्काउंट टाकून सेव्ह दाबते आणि डिस्काउंट लागतो भलत्याच गिऱ्हाइकाला! दोन्ही टॅबना कुकी एकच, सेशन एकच, त्यात आयडी शेवटी उघडलेल्या ऑर्डरचा, दुसरं काय होणार? आणि तिकिटात लिहून येतं 'कधीकधी होतं'. कधीकधी कसलं, दोन टॅब उघडा, दर वेळी होतं. आयडी यूआरएलमध्ये घालायला काय पैसे पडत होते का?

मिडलवेअरमध्ये (व्ह्यूच्या आधी चालणारा कोड) काढायची आणि व्ह्यूमध्ये (रिस्पॉन्स तयार करणारा कोड) वापरून संपवायची गोष्ट रिक्वेस्टलाच लटकव ना बाबा, रिस्पॉन्स गेला की तीही गेली, पुसापुशी नको काही नको. फ्लास्क या पायथनच्याच दुसऱ्या फ्रेमवर्कने तर त्यासाठी 'जी' नावाचं ऑब्जेक्टच आयतं दिलंय. हां, रीडायरेक्टनंतर रिक्वेस्ट नवीन येते, जुन्यातलं काही उरत नाही, मान्य. पण 'सेव्ह झालं' एवढं एकदा दाखवायला जँगोत मेसेजेस फ्रेमवर्क आहे, लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये फ्लॅश आहे, वापरा की!

आमच्या जँगोच्या प्रोजेक्टात सेशन डेटाबेसमध्ये, डिफॉल्ट मुदत 2 आठवडे, आणि मुदत संपली तरी क्लिअरसेशन्स ही कमांड चालवल्याशिवाय जुन्या रो जात नाहीत. ती कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) कोणी लावलीय? कोणीच नाही. टेबल फुगून ढोल झालंय.

शेजारच्या टीमचं तर विचारूच नका, त्यांच्या फ्लास्कच्या अ‍ॅपमध्ये ओटीपी सेशनमध्ये! अरे, फ्लास्कचं सेशन म्हणजे सही केलेली कुकी, एन्क्रिप्ट केलेली नाही, बदलता येत नाही पण वाचता आरामात येते. म्हणजे ज्याला ओटीपी विचारताय त्याच्याच ब्राउझरमध्ये उत्तर ठेवून दिलंय.

आणि आमच्या ऑर्डरच्या बगवर वरून काय तोडगा आला माहितीये? सपोर्टला मेल गेलाय, 'कृपया एका वेळी एकच टॅब उघडावा'.