खुर्चीला बिजागरी कशाला?

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधली एक साधी खुर्ची. सीनमध्ये नुसती शोभेला ठेवायची. तिला रिजिडबॉडी (वस्तूला वजन आणि गुरुत्वाकर्षण लावणारा भाग) कोणी चिकटवली देव जाणे, प्ले दाबलं की बाईसाहेब फरशीतून थेट पाताळात! ती रिजिडबॉडी काढायला जावं, तर एडिटर म्हणतो, नाही निघणार, हिंज जॉइंट तिच्यावर अवलंबून आहे. खुर्चीला बिजागरी? बरं, तात्पुरती बंद करू म्हटलं, तर टिक काढायचा चौकोनच नाही! कोलायडरला (टक्कर ओळखणाऱ्या भागाला) आहे, लाइटला आहे, हिलाच कसलं सोवळं? म्हणे, ‘इज कायनेमॅटिक’ करा, म्हणजे खुर्ची पडणार नाही. अहो, मला ती काढायची आहे, गप्प बसवायची नाही! शेवटी आधी जॉइंट उपटला, मग रिजिडबॉडी. हुश्श. प्रीफॅबमधून, म्हणजे खुर्चीच्या जतन केलेल्या साच्यातून, दुसरी खुर्ची ओढली, तर तीही सगळा साज लेऊन हजर. आणि मला अख्खं नाट्यगृह भरायचंय!