जाळ्यात कासव आल्यास घ्यावयाची काळजी

मच्छीमार बंधूंनो, जाळ्यात कासव आलं तर घाबरू नका. आधी त्याला विचारा, बाबा, तू कोणत्या खात्याचा?

ते बोलणार नाही, म्हणून मीच सांगतो. सुरमई, बांगडा, कोळंबी ही मत्स्यव्यवसाय खात्याची. त्याच जाळ्यातून वर आलेलं ऑलिव्ह रिडले कासव मात्र वन खात्याचं, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. त्यात एप्रिल २०२५मध्ये राज्य सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. म्हणजे आता तुमच्या एकाच जाळ्यात निम्मं शेत आणि निम्मं जंगल. ओढताना दोन्हीची हद्द सांभाळा.

कासव सोडण्याआधी फोटो काढा. ही सूचना नीट वाचा, कारण आमचं घोडं इथेच अडलंय. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, अशी राज्याची योजना २०१८पासून आहे. योजना चांगली आहे, हे मी चेष्टेने म्हणत नाही. फक्त पुरावा लागतो. तेव्हा मध्यरात्री, बोट डुलत असताना, एका हातात सुरी आणि एका हातात मोबाइल धरून असा फोटो काढा की त्यात कासव दिसेल, जाळं दिसेल, बोटीचा नंबर दिसेल. कासवाला पर मारू नको म्हणून सांगा. खलाशाला बॅटरी धरायला सांगा, त्याची सावली पडू देऊ नका. मग कागद घेऊन पहिल्या ऑफिसात जा. जिल्हा विचारू नका, मला अजून तिथे जायचंय. तिथले साहेब म्हणतील, ‘कासव आहे ना? मग आमच्याकडे काय?’ दुसऱ्या ऑफिसात जा. तिथले म्हणतील, ‘जाळ्याची किंमत आम्हाला काय कळणार? त्यांच्याकडून लिहून आणा.’ लिहून आणायला परत गेलात की साहेब मीटिंगला. साहेब आले की शिक्का दुसऱ्या कपाटात, आणि किल्लीवाला रजेवर. शिक्का मिळाला की जावक क्रमांक राहिला. आणि सगळं जुळलं की तिसराच कोणीतरी चष्मा पुसत म्हणेल, ‘फोटोत कासव स्पष्ट दिसत नाही हो.’

अर्ज मे महिन्यात करू नका. १ जूनला मासेमारी बंदी लागते, मग ‘आता बोटी बंदच आहेत, घाई कसली?’

मेलेलं कासव वाळूत दिसलं तर तिकडे बघूसुद्धा नका. पंचनामा कोणी करायचा हे ठरेपर्यंत तेही तिथेच आणि तुम्हीही तिथेच.

कोळंबीच्या ट्रॉलवाल्यांनी जाळ्यात कासवाला निसटायला वाट ठेवणारी चौकट बसवावी. आपल्याकडे ती बसवत नाहीत म्हणून अमेरिकेने २०१९मध्ये आपली समुद्रात पकडलेली कोळंबी बंद केली. चौकट मत्स्य खात्याची, तिच्यातून निसटणारं कासव वन खात्याचं. मधल्या भोकाचा अधिकारी अजून नेमायचा आहे.

आणि चारचौघांत ‘दोन्ही खाती एक करा’ असं चुकूनही म्हणू नका. अमेरिकेत ऑरेगनने १९७५ साली आणि वॉशिंग्टन राज्याने १९९४ साली मासे आणि वन्यजीव एका छपराखाली आणले. पेनसिल्वेनियाने मात्र माशांचं वेगळं आणि शिकारीचं वेगळं अशी दोन मंडळं अजून जपली आहेत. विलीनीकरणाचा विषय तिथे अधूनमधून निघतो आणि विरतो. आपण त्यांचाच कित्ता गिरवावा. खातं एक झालं तर एक सचिव जाईल, एक गाडी जाईल, एका दारावरची पाटी जाईल. कासवासाठी एवढा त्याग कोण करणार?

बरं, पुरे झाली चेष्टा.

कासव मारल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. सोडलं तर जास्तीत जास्त २५ हजार, तेही हातात पडले तर. साहेब, आम्हाला पकडायचं असतं तेव्हा कासव कुणाचं हा प्रश्न तुम्हाला कधी पडत नाही. पैसे द्यायचे म्हटलं की बरोबर पडतो! आम्ही सोडतो ते पैशासाठी नाही, आमचे आजेही सोडायचे. पण तेव्हा त्यांना त्याचा फोटो कोणी मागत नव्हतं.

खाती एक करायची नसतील तर नका करू. वाघ सांभाळणाऱ्याला बोंबील कळेलच असं नाही, हे मलाही कळतं. पण दोन्हीकडची सही करू शकेल असा एक माणूस बंदरावर बसवायला काय हरकत आहे? तुमच्या दोन टेबलांमधली टपाल-पोच आम्ही का करायची? पगार तुम्ही घेता ना? मग आपसात पत्रं लिहा, फोन करा, भांडा, पण तुमचं तुम्ही निस्तरा. आमचं जाळं फाटलंय, बोट धक्क्याला उभी आहे, खलाशी उचल मागतायत, आणि तुम्ही विचारताय की कासवाचं तोंड कुठल्या बाजूला आहे.