कंटेंट टाइप ‘नुसती स्ट्रिंग’ असते का? एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

प्रोग्रामरांमध्ये एक सल्ला वारंवार फिरत असतो आणि दरवेळी त्याला भरघोस सहमती मिळते. तो थोडक्यात असा: फाइलचा कंटेंट टाइप, म्हणजे आत कोणत्या प्रकारची सामग्री आहे हे सांगणारे ‘टेक्स्ट/एचटीएमएल’सारखे लेबल, ही एक साधी स्ट्रिंग (अक्षरांची साखळी) आहे आणि तिच्यासाठी लायब्ररीत वेगळा क्लास करणे हा निव्वळ सोस आहे, दोन टाइप ताडून पाहायचे असतील तर दोन्ही स्ट्रिंगा लोअरकेस कराव्यात, अर्धविरामापुढचे सगळे छाटावे आणि समानतेचे चिन्ह वापरावे, तेवढ्याने भागले नाही तर स्ट्रिंगमध्ये ‘जेसन’ (विदा मजकूररूपात लिहिण्याची एक प्रचलित रचना) हे नाव आहे का ते शोधावे, प्रकारांची उतरंड वगैरे गोष्टी पुस्तकी आहेत, आणि शेवटी एक्स्टेन्शन पाहिले की बहुतेक कामे होतातच. यातील प्रत्येक विधान कोणत्या ना कोणत्या मर्यादित परिस्थितीत खरे ठरते, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. मात्र लायब्ररी लिहिणाऱ्याला ती मर्यादित परिस्थिती गृहीत धरता येत नाही, कारण लायब्ररीकडे येणारे हेडर (सामग्रीबरोबर येणाऱ्या माहितीच्या ओळी) तिने लिहिलेले नसतात.

आधी लोअरकेसचा मुद्दा घेऊ. माइमचे, म्हणजे असे प्रकार लिहिण्याच्या पद्धतीचे, नियम १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि नोव्हेंबर १९९६ मधील आरएफसी (इंटरनेटचे मानक-दस्तऐवज) २०४५ ते २०४९ या संचाने त्यांना स्थिर रूप दिले. त्यांनुसार स्लॅशच्या अलीकडचा मुख्य प्रकार, पलीकडचा उपप्रकार आणि अर्धविरामानंतर येणाऱ्या पॅरामीटरांची (जोड-तपशिलांची) नावे यांत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद मानला जात नाही; पॅरामीटरच्या मूल्यात मात्र तो मानायचा की नाही, हे त्या त्या पॅरामीटरची व्याख्या ठरवते. कॅरसेटच्या (मजकुराच्या अक्षरसंकेताच्या) मूल्यात भेद नाही, बाउंडरीच्या (भाग वेगळे करणाऱ्या खुणेच्या) मूल्यात आहे. ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ (फॉर्ममधून फाइल चढवण्याचा प्रकार) पाठवताना क्रोम किंवा सफारी मिश्र अक्षरांची एक बाउंडरी तयार करते आणि मजकुराचे भाग वेगळे करणाऱ्या ओळींत तीच बाउंडरी अक्षर न अक्षर तशीच येते. पूर्ण हेडर लोअरकेस करणाऱ्या कोडला ती ओळ पुढे कुठेच सापडत नाही आणि वापरकर्त्याने जोडलेली फाइल सर्व्हरच्या लेखी आलेलीच नसते. गुगलच्या ग्वावा लायब्ररीतील मीडिया टाइपचा क्लास प्रकार, उपप्रकार, पॅरामीटरांची नावे आणि केवळ कॅरसेटचे मूल्य लोअरकेस करतो, बाकी मूल्यांना हात लावत नाही. हा फरक कुठेतरी लिहून ठेवावाच लागतो, आणि प्रत्येक वापरकर्त्याने आपापल्या कोडमध्ये तो नव्याने लिहिण्यापेक्षा लायब्ररीने एकदा लिहिणे शहाणपणाचे आहे.

शिवाय लोअरकेस केल्यानेही लेखनातले सगळे भेद मिटत नाहीत. एचटीटीपीचा जून २०२२ मधील आरएफसी ९११० एकाच अर्थाची चार लेखने शेजारी शेजारी देतो. पहिल्यात ‘टेक्स्ट/एचटीएमएल;कॅरसेट=यूटीएफ-८’ हे सगळे लहान अक्षरांत आहे; दुसऱ्यात काही अक्षरे मोठी असून यूटीएफ-८ अवतरणचिन्हांत आहे; तिसऱ्यात अवतरणचिन्हांबरोबर अर्धविरामानंतर मोकळी जागाही आहे; चौथ्यात यूटीएफ हे मोठ्या अक्षरांत आहे. ही चारही लेखने समतुल्य आहेत असे तो दस्तऐवज स्पष्ट सांगतो. लोअरकेस केल्यावर यातली पहिली आणि चौथी जुळतात. अवतरणचिन्हे आणि मोकळी जागा तशीच राहिल्यामुळे बाकीची दोन जुळत नाहीत. पॅरामीटर दोन असतील तर त्यांचा क्रमही बदललेला असू शकतो, आणि त्या क्रमाला अर्थ नसतो.

यावर लगेच उत्तर येते की म्हणूनच तर अर्धविरामापुढचे छाटायचे. छाटल्यावर उरणाऱ्या भागाला ब्राउझरांच्या मानकात स्वतंत्र नाव आहे आणि कित्येक ठिकाणी नेमका तेवढाच भाग तपासणे योग्यही असते. आक्षेप आहे तो सरसकट छाटण्यावर. मराठी वाचकाला याचे परिणाम ओळखीचे असतील. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते, त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाचे १५ बाइट होतात. ‘टेक्स्ट/प्लेन’ फाइलबरोबर आलेला कॅरसेट मधल्या एखाद्या थराने छाटून टाकला आणि पुढच्या प्रोग्रामने तो मजकूर विंडोज-१२५२ (लॅटिन लिपीचा जुना अक्षरसंकेत) समजून वाचला, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन निरर्थक लॅटिन चिन्हे उमटतात. व्हिडिओच्या बाबतीतही तसेच. ‘व्हिडिओ/एमपी४’ एवढेच सांगितले तर हा व्हिडिओ चालेल का, या प्रश्नाला ब्राउझर ‘कदाचित’ असे उत्तर देतो, कारण एमपी४ हे नुसते आवरण आहे आणि आत कोणता कोडेक (चित्र-ध्वनी दाबून साठवण्याची पद्धत) आहे हे ‘कोडेक्स’ पॅरामीटर सांगतो. याच पॅरामीटरच्या मूल्यात चित्राचा आणि ध्वनीचा कोडेक स्वल्पविरामाने जोडून अवतरणचिन्हांत लिहिलेले असतात, त्यामुळे हेडरची यादी स्वल्पविरामावर तोडणारा कोड हे मूल्य मधोमध कापतो. अवतरणचिन्हांत अर्धविरामही चालतो, म्हणजे अर्धविरामावर तोडून पॅरामीटर वेगळे करण्याची युक्तीसुद्धा नेहमीच भरवशाची नाही. एका ओळीचे वाटणारे काम इथे छोट्या पार्सरचे (मजकूर नियमांनुसार फोडून वाचणाऱ्या कोडचे) होऊन बसते.

सल्ल्यातील सर्वांत घातक भाग म्हणजे ‘जेसन’ शोधण्याचा. स्ट्रिंग ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन’ने सुरू होते का, ही चाचणी ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन-सीक्वेन्स’ या अर्थाच्या, आरएफसी ७४६४ मधील ‘जेसन-सेक’ प्रकारालाही होकार देते, आणि त्या प्रकारात एक जेसन नसून विशिष्ट नियंत्रण-चिन्हाने वेगळे केलेले अनेक जेसन असतात, जे साध्या पार्सरला वाचता येत नाहीत. तीच चाचणी आरएफसी ६९०२ मधील ‘जेसन-पॅच+जेसन’लाही होकार देते, तो मजकूर जेसन म्हणून वाचता येतो खरा, पण त्यात नोंद नसून नोंदीत करायचे बदल असतात, आणि ते नवी नोंद म्हणून साठवणे म्हणजे विदा बिघडवणे. उलट नकाशांसाठी वापरला जाणारा ‘अ‍ॅप्लिकेशन/जिओ+जेसन’ निखळ जेसन असूनही या चाचणीत नापास होतो. अधिक चिन्हानंतरचा प्रत्यय मूळ रचना कोणती ते सांगतो, ही व्यवस्था एक्सएमएलसाठी २००१ पासून आहे आणि २०१३ मधील आरएफसी ६८३८ व ६८३९ यांनी ती इतर रचनांसाठीही नियमबद्ध केली. प्रत्यय वेगळा काढून वाचणे, हे अक्षरे शोधण्यापेक्षा अगदी निराळे काम आहे.

स्ट्रिंगमध्ये कुठेही ‘जेसन’ असले तरी चालेल, असे म्हटले तर प्रश्न सुरक्षेचा होतो. एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे जाणारी विनंती ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन’ प्रकारची असेल तर ब्राउझर आधी त्या दुसऱ्या संकेतस्थळाची परवानगी विचारतो. ‘टेक्स्ट/प्लेन’ आणि फॉर्मचे दोन प्रकार यांना मात्र तो विचारत नाही, आणि हे ठरवताना तो अर्धविरामाअलीकडचाच भाग पाहतो. आता हल्लेखोराने ‘टेक्स्ट/प्लेन’ लिहून अर्धविरामानंतर ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन’ चिकटवले, तर ब्राउझरला ते साधे टेक्स्ट दिसते आणि अक्षरे शोधणाऱ्या सर्व्हरला जेसन. दोघांनी एकच हेडर वाचले, वेगवेगळे अर्थ काढले, आणि मधली परवानगीची पायरी गळून पडली. नोड जेएसवरील फास्टिफाय या फ्रेमवर्कमध्ये याच जातीची त्रुटी सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२२-४१९१९ या क्रमांकाने नोंदली गेली आणि नंतर दुरुस्त झाली. काटेकोर पार्सिंगला ‘पुस्तकी’ म्हणणाऱ्यांनी निदान ही नोंद वाचावी.

उतरंडीचा मुद्दा या सगळ्यांत मोठा आहे, कारण ‘हे दोन टाइप समान आहेत का’ असा प्रश्न प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी विचारला जातो. अपलोड स्वीकारणारा कोड विचारतो, की आलेला प्रकार मी परवानगी दिलेल्या व्याप्तीत बसतो का. ग्राहकाला उत्तर देणारा सर्व्हर विचारतो, की त्याने मागितलेले आणि माझ्याकडे असलेले यांचा मेळ बसतो का. संपादक विचारतो, की ही फाइल मजकूर म्हणून उघडता येईल का. कॅशे (आधीची उत्तरे साठवून ठेवणारा थर) विचारते, की ही तीच किल्ली आहे का. पहिला प्रश्न एकतर्फी आहे: ‘इमेज/कोणतीही’ या व्याप्तीत ‘इमेज/पीएनजी’ बसते, उलटे होत नाही. दुसरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे. समानतेचे चिन्ह फक्त चौथ्याचे उत्तर देते. जावाच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमधील माइम टाइप क्लासमध्ये म्हणूनच ‘इन्क्लूड्स’, ‘इज कम्पॅटिबल विथ’ आणि ‘इक्वल्स’ अशा तीन वेगळ्या मेथड आहेत, आणि त्यांपैकी कोणती वापरायची हे ठरवायला भाग पडणे हाच त्या रचनेचा फायदा आहे.

क्लास असला म्हणजे झाले, असेही मात्र नाही. स्प्रिंग ५.२ मध्ये, म्हणजे २०१९ साली, जेसनला यूटीएफ-८ चा कॅरसेट जोडलेला स्थिरांक कालबाह्य ठरवला गेला, कारण जेसनच्या नोंदणीत कॅरसेट हा पॅरामीटरच नाही आणि तो नसताना ब्राउझर जेसन बरोबर वाचू लागले होते. त्या बदलानंतर उत्तरातून कॅरसेट गेला आणि काटेकोर समानता तपासणाऱ्या टेस्ट कोसळू लागल्या. सुसंगती तपासणारी मेथड तिथे आधीपासून उपलब्ध होती. टेस्ट लिहिणाऱ्यांनी चुकीचा प्रश्न विचारलेला होता, एवढेच.

तुलनेतून क्रम लावायचा म्हटला तर प्रकरण आणखी अवघड होते. ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ हे ‘टेक्स्ट/कोणतेही’पेक्षा नेमके आहे, तेव्हा ते यादीत आधी यावे हे उघड आहे. पण ‘ऑडिओ/कोणतेही’ यांपैकी कोणाशीच तोलता येत नाही, म्हणून तुलना करणारे फंक्शन दोन्हींबाबत ‘शून्य’ म्हणजे ‘सारखे’ असे उत्तर देते. एकाच तिसऱ्याशी सारख्या ठरलेल्या दोन गोष्टी आपापसांत मात्र लहान-मोठ्या, अशी ही अवस्था आहे, आणि जावाच्या सॉर्टिंगचा करार ती मान्य करत नाही; जावा ७ पासूनच्या अल्गोरिदमच्या हे लक्षात आले तर तो चक्क अपवाद फेकतो. स्प्रिंगच्या ६ व्या आवृत्तीत असे तुलनाकार कालबाह्य ठरवून ‘याहून नेमके आहे का’ एवढाच प्रश्न विचारणारी मेथड दिली गेली. अंशतःच तोलता येणाऱ्या गोष्टींना पूर्ण क्रम लावता येत नाही. तोलता न येणे आणि सारखे असणे यांची गल्लत केली की हे घडते.

डेस्कटॉपवरच्या लायब्ररींनी हीच वाट वेगळ्या बाजूने गाठली आहे. लिनक्सवरील सामायिक माइम कोशात ‘अ‍ॅप्लिकेशन/एक्स-शेलस्क्रिप्ट’ हा प्रकार एकाच वेळी चालवण्याजोग्या फाइलचा आणि साध्या मजकुराचा उपप्रकार आहे, म्हणजे त्याला दोन पालक आहेत. तो मजकूर आहे हे ‘टेक्स्ट’ या शब्दाने सुरुवात तपासून कधीच कळणार नाही. क्यूटी ही लायब्ररी त्यासाठी ‘इनहेरिट्स’ देते, अ‍ॅपलच्या टाइप-चौकटीत ‘कन्फॉर्म्स टू’ आहे. जीलिब या लायब्ररीचे उदाहरण तर ‘नुसती स्ट्रिंग’ म्हणणाऱ्यांनी जरूर पाहावे. तिच्यात कंटेंट टाइप खरोखरच स्ट्रिंग आहे, पण ती लिनक्सवर माइम टाइप असते, विंडोजवर बिंदूसह एक्स्टेन्शन असते आणि मॅकवर अ‍ॅपलची ओळखखूण असते. म्हणून समान आहे का आणि अमुक प्रकारचा आहे का, हे विचारायला दोन वेगळी फंक्शन दिलेली आहेत. मांडणीला स्ट्रिंग चालली, तुलनेला चालली नाही.

एक्स्टेन्शनच्या भरवशाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ‘.टीएस’ हे टाइपस्क्रिप्टचेही आहे आणि एमपेग व्हिडिओ प्रवाहाचेही. एक्सेल असलेल्या विंडोज संगणकावरून ‘.सीएसव्ही’ फाइल चढवली तर ब्राउझर तिला पुष्कळदा एक्सेलचा प्रकार लावून पाठवतो. अशा वेळी लेबलच चुकीचे असते आणि कोणतीही तुलना, क्लासमधली असो वा स्ट्रिंगमधली, ते दुरुस्त करू शकत नाही. तिथे फाइलचे सुरुवातीचे बाइट उघडून पाहावे लागतात. तेही दरवेळी पुरत नाही, कारण वर्डची नवी फाइल, ओडीटी आणि ई-पब या तिन्हींची सुरुवात झिपचीच असते.

राहिला सोसाचा आरोप. एकच ठरावीक टाइप बाहेर पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला स्ट्रिंगचा स्थिरांक पुरेसा आहे, त्याने क्लास आणू नये. वेगाची चिंता मात्र अनाठायी आहे: हेडर आत येताना एकदा पार्स केला आणि वारंवार येणारी मोजकी मूल्ये लक्षात ठेवली की पुढच्या तुलना स्वस्त होतात, आणि स्प्रिंग हेच करते. मूळ स्ट्रिंगचा आग्रह जिथे खरोखर रास्त आहे ती जागा निराळीच आहे आणि सल्ला देणारे तिचा उल्लेखही करत नाहीत. मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरने कंटेंट टाइप पार्स करून आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिला, बाउंडरीभोवतीची अवतरणचिन्हे काढली किंवा पॅरामीटरांचा क्रम बदलला, आणि त्या हेडरवर डीकेआयएमची (मेल वाटेत बदललेला नाही हे पडताळण्याची) सही असली, तर अर्थ जसाच्या तसा राहूनही सही अवैध ठरते. म्हणून चांगल्या लायब्ररीने पार्स केलेल्या मूल्याबरोबर आलेली मूळ स्ट्रिंगही जपावी, आणि पुढे पाठवताना तीच पाठवावी.