जावातलं स्वस्त शेत: टोकन भरण्याआधी हे वाचा

इंडोनेशियातल्या खेड्यांबद्दलचा एक मेसेज सध्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मध्य जावाच्या आतल्या गावांत जमीन कोणा एकाची नसते, सगळी गावाची असते. कागदांची कटकट नाही, गावप्रमुखाच्या सहीवर व्यवहार होतो. परदेशी माणसाने स्थानिकाच्या नावावर शेत घ्यायचं, वकील 'पक्का करार' करून देतो. वर्षाला भाताची तीन पिकं निघतात, शेत वाट्याने लावून घरबसल्या पैसे घ्यायचे. आणि शेवटी, तिथे सगळी जमीन बायकांच्या नावावर असते. आमच्या नात्यातल्या एका निवृत्त काकांनी हे वाचून "टोकन भरू का?" असं विचारलं, म्हणून हे लिहावं लागतंय. यातला तिसरा मुद्दा माणसाची आयुष्यभराची पुंजी बुडवणारा आहे.

"जमीन गावाची असते." यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. जावात गावाच्या मालकीची जमीन असते. तिच्यातला 'बेंगकोक' म्हणून ओळखला जाणारा भाग गावप्रमुखाला आणि गावच्या इतर कारभाऱ्यांना पगाराऐवजी किंवा पगाराला जोड म्हणून कसायला मिळत आला आहे. पद गेलं की जमीन परत, मुलाकडे जात नाही. पूर्वी काही भागांत भातखाचरं गावकऱ्यांमध्ये आळीपाळीने फिरायचीही. पण १९६० च्या ५ व्या कायद्याने, म्हणजे तिथल्या मूलभूत जमीन कायद्याने, कायमचे हिस्से असलेल्यांना पूर्ण मालकी दिली आणि फिरत्या हिश्शांना वापरहक्क. आज खाचरं बहुतेक खाजगीच आहेत, आणि तुकडे लहान. २०१३ च्या शेती-गणनेत निम्म्याहून जास्त शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन होती. तेव्हा कोणी 'गावाची जमीन स्वस्तात' दाखवली तर ती बहुधा बेंगकोक असेल, आणि ती विकायचा अधिकार दाखवणाऱ्याला नाही.

"कागद लागत नाहीत." लागतात. गावच्या कार्यालयात 'लेटर सी' नावाची जुनी वही असते. तिच्यात कोणाच्या नावावर किती जमीन, कोणत्या प्रतीची, कर किती, हे लिहिलेलं असतं. ही वही कराची आहे, मालकीचा पुरावा नव्हे. खाडाखोड, मेलेल्या माणसाचं नाव तसंच राहणं, एकच तुकडा दोघांना विकणं, हे सगळं या वहीच्या भरवशावर चालतं. खरा कागद म्हणजे जमीन कार्यालयाने दिलेलं मालकीचं प्रमाणपत्र. रीतसर खरेदीत ते प्रमाणपत्र आधी कार्यालयात तपासून घेतात, जमिनीचा कर भरल्याच्या पावत्या पाहतात, नवरा-बायको दोघांच्या सह्या घेतात. मग परवानाधारक जमीन-दस्त अधिकाऱ्यासमोर खरेदीखत होतं आणि त्याने ते सह्या झाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत नोंदणीला द्यायचं असतं. गावप्रमुखाच्या सहीने मालकी बदलत नाही.

आता तो 'पक्का करार'. १९६० च्या त्याच मूलभूत जमीन कायद्याचं कलम २१ सांगतं की शेतजमिनीची पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. कलम २६ चा दुसरा परिच्छेद त्याहून कडक आहे. परदेशी माणसाकडे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मालकी नेण्यासाठी केलेली विक्री, बक्षीस, मृत्युपत्र किंवा दुसरा कोणताही व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा. आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द या स्थानिक-नावाच्या युक्तीसाठीच आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे कलम वाचलेलं नाही, किंवा वाचून लपवलं आहे.

पॅकेज साधारण असं असतं. खरेदीखत आणि प्रमाणपत्र स्थानिकाच्या नावाने. त्याच रकमेचं कर्ज त्याने तुमच्याकडून घेतल्याचा खोटा करार. जमीन तुम्हाला तारण. वर रद्द न करता येणारं कुलमुखत्यारपत्र, आणि 'खरा मालक हाच' असं निवेदन. यातलं मुखत्यारपत्र १९८२ पासूनच जमिनीच्या हस्तांतरासाठी बंद आहे, आणि त्यावर आधारलेलं खरेदीखत दस्त अधिकाऱ्याने नाकारायचं असतं. उरलेले कागद एकत्र ठेवले की न्यायालयाला हेतू आयताच दिसतो. म्हणजे जितके कागद जास्त, तितका तुमच्याविरुद्धचा पुरावा पक्का.

न्यायालयापर्यंत जायचीही गरज पडत नाही. नाव देणारा वारला की जमीन त्याच्या वारसांची, आणि त्यांनी तुमच्या करारावर सही केलेली नसते. लग्नानंतर घेतलेली म्हणून त्याच्या बायकोचा त्यात हक्क. घटस्फोट झाला की वाटणी. "पण मूळ प्रमाणपत्र आपल्या कपाटात असतं ना?" हा काकांचा प्रश्न होता. असू दे. नोंदणीकृत मालक जमीन कार्यालयात जाऊन प्रमाणपत्र हरवल्याचं शपथेवर सांगतो, स्थानिक दैनिकात एकदा जाहिरात देतो, ३० दिवसांत हरकत आली नाही तर नवीन प्रमाणपत्र मिळतं. मध्य जावाच्या त्या दैनिकातली जाहिरात साताऱ्यात बसून कोण वाचणार? नव्या प्रमाणपत्रावर तो कर्ज काढू शकतो. तुमच्या कपाटातला कागद त्या दिवसापासून रद्दी.

परदेशीच कशाला, जकार्ताच्या माणसालाही तिथली शेती घेऊन लांब बसायची मुभा नाही. १९६१ च्या नियमानुसार शेतमालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, नाहीतर ६ महिन्यांत जमीन विकायची किंवा तिथे राहायला जायचं. शेजारच्या तालुक्याला सवलत आहे. शहरातले लोक गावच्या पत्त्याचं ओळखपत्र काढून हा नियम मोडतात, हे खरं. पण ते निदान नागरिक आहेत.

"तीन पिकं, घरबसल्या पैसे." पाणी बारमाही असलेल्या ठिकाणी तीनदा भात निघतो, नाही असं नाही. पण नेहमीचा क्रम दोनदा भात आणि मग सोयाबीन, मका किंवा मूग. सलग भात घेतला की तपकिरी तुडतुडे आणि उंदरांना खंडच पडत नाही. हिशोबही करून पाहा. पाव हेक्टरात चांगल्या हंगामाला १.४ टन ओला भात धरा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ठरवलेला दर किलोला ६,५०० रुपिया, म्हणजे ९१ लाख रुपिया. निम्म्या वाट्याने, ज्याला तिथे 'मारो' म्हणतात, तुमच्याकडे ४५.५ लाख. एका भारतीय रुपयाला १९० रुपिया धरले तर २४ हजार रुपये, तेही खत, बियाणं, नांगरणी यांतला तुमचा वाटा वजा करायच्या आधी. वाटेकरी मनात येईल तेव्हा बदलताही येत नाही. १९६० च्या २ ऱ्या कायद्याप्रमाणे भातखाचराचा वाटा-करार किमान ३ वर्षांचा असतो आणि जमीन विकली गेली तरी तो तुटत नाही. हे करार बहुतेक तोंडीच होतात, ते वेगळं. पण तो वाटेकरी त्या पाव हेक्टरावर पोट भरतो, त्याला हलवून कोणाला तरी 'गुंतवणूक' करायची आहे, याचा मला राग येतो.

बायकांच्या नावावरची जमीन ही पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजाची गोष्ट. तिथे वडिलोपार्जित जमीन आईच्या वंशाने जाते आणि ती विकत नाहीत. मृतदेह घरात पडून असणं, वयात आलेल्या मुलीचं लग्न अडणं अशा चारच प्रसंगी गहाण ठेवता येते. मेसेजवाल्याने ती जावात आणून बसवली. जावात मुलगा-मुलगी दोघांनाही वारसा मिळतो, कुठे समान, कुठे दोनास एक.

परदेशी पैशाने शेतीच करायची असेल तर वाट दुसरी आहे. इंडोनेशियात नोंदवलेली कंपनी, सरकारी जमीन, किमान ५ हेक्टर, मुदतीचा लागवडहक्क. निवृत्त माणसाच्या दहा लाखांचं ते काम नाही. आणि काका, टोकन कोणी आधीच भरलं असेल तर ते खरेदीखत होण्यापूर्वी, आत्ताच, लेखी मागा. खरेदीखतानंतर कलम २६ लागू होतं, आणि त्यात पैसे परत मिळण्याची सोय नाही.