‘हजार वर्षांतले अरब आणि एका वर्षातला स्पेन’: या आकड्यात तथ्य नाही

‘अरबांनी हजार वर्षांत जेवढी पुस्तकं भाषांतरित केली, तेवढी स्पेन एका वर्षात करतो.’ हे वाक्य अग्रलेखांत, भाषणांत आणि आता फॉरवर्डमध्ये फिरतं आहे. त्याचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या २००२ सालच्या अरब मानव विकास अहवालात आहे. अरब जगात वर्षाला सुमारे ३३० भाषांतरं होतात आणि नवव्या शतकातल्या अब्बासी खलिफा मामूनपासूनची एकूण बेरीज लाखभर, म्हणजे स्पेनच्या एका वर्षाएवढी, असं तो म्हणतो.

आधी स्पेनचं बघू. त्या सुमारास स्पेनमध्ये सगळ्या प्रकारची मिळून वर्षाला ६०-७० हजार पुस्तकं निघत. भाषांतरं फार तर त्यातला चौथा हिस्सा. मग एक लाख आली कुठून?

अरबांची बेरीज तर याहून कच्ची. मामूनने ८१३ ते ८३३ राज्य केलं. हुनैन इब्न इसहाकसारखे लोक ग्रीक वैद्यक आणि तत्त्वज्ञान अरबीत आणत होते ते हस्तलिखितांत. कैरोचा बूलाक छापखाना आला १८२० च्या सुमारास. मधल्या हजार वर्षांची यादी कोणीच ठेवलेली नाही. आणि ३३०? असे आकडे युनेस्कोच्या भाषांतरसूचीवर बेतलेले असत आणि ती सूची चालायची देशांनी पाठवलेल्या माहितीवर. ज्याने माहिती धाडली नाही, त्याच्या खात्यावर शून्य. (स्पेनचंच नाव घेतलं आहे, तर हेही सांगायला हवं: आपल्या पंचतंत्राच्या कथा पहलवी या जुन्या इराणी भाषेमार्गे आठव्या शतकात अरबीत गेल्या, आणि १२५१ साली अरबीतूनच कास्तिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश भाषेत उतरल्या.)

‘आजही तिथे कोणी भाषांतर करत नाही’ हे फॉरवर्डला जोडलेलं शेपूट तर साफ खोटं. इजिप्तची राष्ट्रीय भाषांतर योजना १९९५ मध्ये सुरू झाली आणि २००६ पर्यंत तिची हजार पुस्तकं झाली. अबुधाबीचा ‘कलिमा’ प्रकल्प २००७ चा. सालेह अलमानी या एका माणसाने स्पॅनिशमधून शंभराहून अधिक पुस्तकं अरबीत आणली. अरब वाचकांना कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केस भेटला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. उणिवा आहेतच. सेन्सॉरची कात्री आहे, सीमेपलीकडे पुस्तक पोचत नाही, सरकारी पैसा आटला की योजना रखडते. त्यावर जरूर बोलावं, पण खऱ्या आकड्यांनिशी.

उलट दिशेबद्दल, म्हणजे अरबीतून इतर भाषांत होणाऱ्या भाषांतरांबद्दल मात्र हा फॉरवर्ड चकार शब्द काढत नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाला पॅलेस्टिनी-अमेरिकन समीक्षक एडवर्ड सईद यांनी इजिप्तचे कादंबरीकार नजीब महफूज सुचवले, तेव्हा अरबी ही ‘वादग्रस्त’ भाषा आहे असं कारण देऊन नकार आला. महफूजना नोबेल मिळालं १९८८ मध्ये. ओमानच्या जोखा अलहारथी यांची ‘सय्यिदात अल-कमर’ ही कादंबरी २०१० मध्ये अरबीत आली. मॅरिलिन बूथ यांनी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर २०१९ मध्ये मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार जिंकणारं अरबीतलं पहिलं पुस्तक ठरलं. ते छापलं होतं स्कॉटलंडमधल्या एका छोट्या प्रकाशनाने.